बीटाचा रिपोर्ट मेसेजवर पाठवू नका: वंध्यत्व उपचार केंद्रांना खुलं पत्र

प्रति,
वंध्यत्व उपचार केंद्रांचे संचालक, डॉक्टर आणि व्यवस्थापक

विषय: 'समुपदेशन' अशी पाटी असलेल्या खोलीत समुपदेशन व्हावं याबद्दल

स. न. वि. वि.

तुमच्यातल्या बऱ्याच केंद्रांत 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी असलेली एक खोली असते. आत बसलेली व्यक्ती जोडप्याला पॅकेज समजावून सांगते: इंजेक्शनं त्यात धरली आहेत की नाहीत, भ्रूण गोठवणं (फ्रीझिंग) वेगळं की त्यातच, पैसे किती टप्प्यांत भरायचे. मग संमतीपत्रांचा गठ्ठा पुढे सरकतो. त्यात एक ओळ छापलेली असते, 'आम्हांला समुपदेशन देण्यात आले आहे.' दोघंही खाली सही करतात. दाराबाहेर पुढचं जोडपं ताटकळत असतं, आणि पेन आधीच हातात दिलेलं असतं.

त्या सहीबद्दल हे पत्र आहे.

लिहिणारे आम्ही समुपदेशक आणि परिचारिका आहोत. तुमच्याकडे उपचार घेणारी जोडपी आमच्यासमोरही येऊन बसतात, आणि त्यांच्या बोलण्यात औषधांपेक्षा फोन, काउंटर, खुर्च्या आणि वाक्यं जास्त असतात. उपचारावर आमचा राग नाही. आयव्हीएफचं, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचाराचं, पहिलं बाळ 1978 साली जन्मलं, तेव्हापासून या शास्त्रानं लाखो घरांत मुलं आणली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे साधारण सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या दारातली गर्दी काही कमी होणार नाही. तक्रार आहे ती या गर्दीला तुम्ही ज्या तऱ्हेनं हाताळता तिच्याबद्दल.

सगळ्यात आधी निकालाचं.

ट्रान्सफरनंतर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर, साधारण 10 ते 14 दिवसांनी गर्भ राहिला का हे सांगणारी बीटा एचसीजीची रक्ततपासणी होते. सकाळी रक्त दिलं की दुपारी कधीतरी लॅबचा मेसेज येतो. एक फाइल, तिच्यात एक आकडा. ती फाइल बाई कामाच्या टेबलाशी उघडते, बसमध्ये उघडते, मीटिंग चालू असताना टेबलाखाली उघडते. नवरा दुसरीकडेच असतो. त्याला सांगायचं कामही तिच्याच वाट्याला येतं. आकडा पाचाच्या आत असेल तर निदान अर्थ लगेच कळतो. पण तो मधलाच कुठला तरी असला, तर 'दोन दिवसांनी रिपीट करा' एवढ्यावर तिला सोडून दिलं जातं. सुरुवातीला हा आकडा साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट व्हायला हवा, निदान दीडपट तरी. तसा तो वाढतो का, हे पाहिल्याशिवाय डॉक्टरलाही काही सांगता येत नाही, हे कुणी समजावतच नाही. अख्ख्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या एका फेरीत, त्या 48 तासांइतके वाईट तास नसतात, असं आमचं मत आहे. निगेटिव्ह आलं की माणूस रडू तरी शकतो.

यावर उपाय काही महागडा नाही. ट्रान्सफरच्या दिवशीच दोघांना विचारा: निकालाचा फोन कुणाला करायचा, किती वाजता, दोघं एकत्र असताना की आधी एकाला? उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. रिपोर्ट आधी केंद्राकडे यावा, असं लॅबला बजावून ठेवा. फोन अशा व्यक्तीनं करावा जिचा चेहरा त्या जोडप्याला माहीत आहे. पहिल्या वाक्यात निकाल सांगा. 'कशा आहात, कुठे आहात' अशी प्रस्तावना सुरू झाली की ऐकणाऱ्याला कळून चुकतंच, आणि पुढचं सगळं वाहून जातं. निकाल सांगून झाला की गप्प बसा. अर्धं मिनिट शांतता असली तरी चालेल. मग कामाचं तेवढंच सांगा: प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकावा म्हणून दिलेलं संप्रेरक) केव्हा थांबवायचं, त्यानंतर काही दिवसांत पाळी येईल, ती नेहमीपेक्षा जास्त असू शकते, आणि काय झालं तर लगेच फोन करायचा. पुढच्या सायकलचा विषय त्या फोनवर काढू नका. तीन-चार दिवसांनी पुन्हा फोन करा, कारण खरे प्रश्न तेव्हा सुचलेले असतात. दोन ते चार आठवड्यांत डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून काय झालं असावं ते सांगावं, आणि कारण कळलेलं नसेल तर तेही सरळ सांगावं.

निकालाआधीच्या दोन आठवड्यांचंही असंच आहे. प्रोजेस्टेरॉननं छाती दुखते, पोट फुगतं, झोप येते. दिवस गेल्यावर होतं तेच. गोळीमुळे होणारा त्रास आणि दिवस राहिल्याची चाहूल यात फरक करता येत नाही, हे ट्रान्सफरच्या दिवशीच सांगा. नाही तर बाई सकाळी छाती दाबून पाहते, दुपारी पुन्हा पाहते, आणि त्या दिवशी दुखलं नाही की सगळं संपलं असं धरून बसते. ताज्या सायकलमध्ये, म्हणजे भ्रूण न गोठवता सोडलं तर, ट्रिगरच्या (अंडी पक्व करायच्या शेवटच्या) इंजेक्शनातलं एचसीजी काही दिवस शरीरात उरतं, त्यामुळे घरची चाचणी लवकर केली तर खोटी रेघ उमटू शकते. 'अमुक तारखेच्या आधी घरी चाचणी करू नका' हे तारखेसह लिहून द्या, आणि कारणही लिहा. कारण न सांगता दिलेली मनाई कुणी पाळत नाही. पलंगावर पडून राहिल्यानं भ्रूण रुजायला मदत होत नाही, हेही सांगा. नाही तर पुढे सगळा दोष त्या दिवशी चढलेल्या जिन्यावर जातो. या दिवसांसाठी मानसशास्त्रज्ञांनी दहा वाक्यांचं एक छोटं कार्ड तयार केलं आहे, सकाळ-संध्याकाळ वाचायचं. तसं काही तुमच्या डिस्चार्जच्या पाकिटात का नसतं, हा आमचा साधा प्रश्न आहे.

दुसरी तक्रार तीन शब्दांची आहे: 'टेन्शन घेऊ नका.' डॉक्टर म्हणतात, सिस्टर म्हणतात, सोनोग्राफी करणारे म्हणतात. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ऐकणारी मात्र असं ऐकते: निगेटिव्ह आलं तर ते तुझ्या टेन्शनमुळे. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यास आणि 3583 स्त्रियांची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण छापून आलं. उपचाराआधीचा मानसिक ताण आणि त्या सायकलमध्ये गर्भ राहणं न राहणं यांचा संबंध त्यात दिसला नाही. हे वाक्य तुमच्या वेटिंग हॉलमध्ये मोठ्या अक्षरांत लावा, बाळांच्या फोटोंच्या जागी लावलं तर फारच उत्तम. ताण कमी करायचा तो यश वाढावं म्हणून नाही. माणसाला रात्री झोप लागावी, नवरा-बायकोनं एकमेकांशी धड बोलावं, आणि अजून संधी असताना केवळ सहन होत नाही म्हणून उपचार सोडायची वेळ येऊ नये, यासाठी तो कमी करायचा.

तिसरी गोष्ट आकड्यांची. पिकअपनंतर, म्हणजे अंडी बाहेर काढल्यावर, भुलीतून जागी होणाऱ्या बाईला कुणीतरी सांगतं, 'दहा मिळाली!' सगळे खूश. दुसऱ्या दिवशी फोन येतो, सहा फलित झाली. पाचव्या दिवशी कळतं, दोन ब्लास्टोसिस्ट (पाच दिवस वाढलेले भ्रूण) झाले. जोडप्याच्या हिशेबात आठ गेले, आणि प्रत्येक फोनबरोबर थोडे थोडे गेले. तुमच्या हिशेबात ही उत्तम सायकल आहे. दहा अंड्यांपैकी आठ पक्व असणं, आठांपैकी पाच-सहा फलित होणं, त्यातले दोन-तीन पाचव्या दिवसापर्यंत टिकणं हे अगदी नेहमीचं आहे. मग ही उतरंड पिकअपच्या आधी कागदावर काढून का दाखवत नाही? पायरी ठाऊक असली की माणूस पाऊल बेतानं टाकतो. फोन कोणकोणत्या दिवशी येतील आणि कोणत्या दिवशी येणार नाहीत, तेही सांगा. तिसऱ्या दिवशी तुम्ही फोन करत नसाल तर तसं आधीच कळवा. दिवसभर मोबाइल उशाशी घेऊन बसलेल्या माणसाला शांततेचाही अर्थ लागतो, आणि तो वाईटच लागतो.

यशाच्या टक्केवारीबद्दल एवढंच म्हणायचं आहे की छेद सांगा. ट्रान्सफरमागे की सुरू केलेल्या सायकलमागे? पॉझिटिव्ह बीटा मोजलाय की जिवंत जन्मलेलं बाळ? कोणत्या वयोगटातला? छेद बदलला की आकडा फुगतो, आणि फुगलेल्या आकड्यावर बांधलेली आशा फुटते तेव्हा जोडप्याला वाटतं की इतरांना जमलं, आपल्यालाच जमलं नाही.

अंडी वाढवायची इंजेक्शनं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण 8 ते 12 दिवस बहुतेक जोडपी ती घरीच घेतात. तुम्ही पाच मिनिटांत दाखवता, आणि ते बरोबर दाखवताही. तुम्ही दाखवत नाही ते हे: सुई बाहेर काढल्यावर टोकाशी एक थेंब दिसतो. तो थेंब पुढे वर्षभर डोळ्यांसमोरून हलत नाही. 'औषध सांडलं, म्हणून फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) वाढले नाहीत.' टोचणारा बहुधा नवरा असतो, त्यामुळे दोष कुणाचा हेही ठरून जातं, न बोलता. इंजेक्शनच्या पेनचं बटण पूर्ण दाबल्यावर सुई तशीच ठेवून दहापर्यंत मोजायचं, मग काढायची. तरीही टोकाशी बारीक थेंब दिसू शकतो आणि त्यानं काही बिघडत नाही. पोटाच्या कातडीखाली घ्यायच्या इंजेक्शनात बारीक बुडबुडा गेला तरी धोका नसतो. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही, फोन करायचा. ही चार वाक्यं छापून द्या. ट्रिगरची वेळ मात्र खरंच काटेकोर असते: पिकअप सकाळी 10 वाजता असेल तर ट्रिगर आदल्याच्या आदल्या रात्री 10 च्या सुमाराला, म्हणजे साधारण 36 तास आधी. कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे सैल सोडायचं, हे वेगळं करून सांगितलं तर सगळीकडे सारखीच भीती वाटत नाही. शिवाय रात्री 10 वाजता कुणी फोन उचलेल असा एक नंबर हवाच. रिसेप्शनचा नको, तो सातला बंद होतो.

आता पुरुषांबद्दल. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीनं असतं. तरी फाइल बायकोच्या नावाची, नंबर बायकोचा, खुर्ची बायकोला, नवरा भिंतीला टेकून उभा. त्याच्याशी तुमचा पहिला थेट संवाद म्हणजे 'सॅम्पल द्यायचंय, त्या खोलीत जा.' त्या खोलीला कडी नीट नसते, बाहेर चपलांचा आवाज येतो, आणि वीस मिनिटांनी कुणी तरी दार वाजवतं. पिकअपच्या दिवशी बायको भुलीखाली असताना सॅम्पल देता येत नाही, असे प्रसंग पुष्कळ घडतात. त्याची लाज आणि तिची निराशा पुढे घरात महिनोन्महिने राहते. आधीच एक सॅम्पल गोठवून ठेवायचा पर्याय प्रत्येकाला विचारा, अडचण येईल असं गृहीत न धरता, फक्त सोय म्हणून विचारा. घर जवळ असेल तर घरी घेऊन तासाभरात, अंगाच्या उबेत धरून आणता येतं, हेही सांगा. वीर्यतपासणीचा रिपोर्ट खिडकीतून देऊ नका. 'शून्य' असा शेरा असलेला कागद पावतीसारखा मोडून हातात ठेवलेला आम्हाला माहीत आहे. एका रिपोर्टवर निकाल लागत नाही, हे तुम्हीच जाणता. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, दोन-तीन महिन्यांपूर्वीचा ताप आजच्या आकड्यात दिसू शकतो, तपासणीआधी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन झालेलं नसावं लागतं. हे सगळं रिपोर्ट देण्याच्या आधी सांगायचं असतं, हातात कागद पडल्यावर कान बंद होतात.

आणि आयव्हीएफच्या आधीच्या साध्या उपचारांत चिठ्ठीवर येणारं ते वाक्य: 'आज आणि उद्या संबंध ठेवा.' फॉलिकल 18 मिलिमीटरचा झाला, ट्रिगर दिला, आता घरी जा आणि हुकूम पाळा. अशा हुकमाखाली शरीर साथ देत नाही, हे नवल नाही. नवल हे की पुढच्या भेटीत कुणी विचारतच नाही. त्या महिन्यात काही घडलंच नसलं तरी फाइलमध्ये 'सायकल अयशस्वी' अशी नोंद होते, आणि पुढच्या महिन्यात औषधाचा डोस वाढतो! गर्भधारणेचा काळ अंडं सुटण्याच्या दिवसासह साधारण सहा दिवसांचा असतो. 'या आठवड्यात दिवसाआड' एवढं म्हटलं तरी काम भागतं, आणि एका विशिष्ट रात्रीचं ओझं उतरतं. दोन सायकलींच्या मध्ये एखादा महिना असा असू दे, की ज्यात तारखा नाहीत, चाचणीच्या पट्ट्या नाहीत आणि कॅलेंडर नाही. कुणी जमलं नाही म्हणून सांगितलं तर आययूआयचा (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा) मार्ग आहेच. तो लाज न वाटेल अशा आवाजात सुचवा.

घरात दोघं दोन तऱ्हांनी झुंजत असतात, हे तुमच्या कर्मचाऱ्यांना माहीत असलं तरी पुष्कळ. एकाला रोज बोलायचं असतं. दुसरा फाइली लावतो, तपासण्यांच्या वेळा पाठ करतो, विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो. बोलणाऱ्याला वाटतं, याला काही वाटतच नाही. गप्प बसणाऱ्याला वाटतं, मीही रडलो तर आधार कोण देणार. समुपदेशनात एक साधा नियम वापरतात: संध्याकाळी वीस मिनिटं ठरवून याच विषयावर बोलायचं, घड्याळ लावून, आधी एकानं मग दुसऱ्यानं, आणि मग त्या दिवसापुरता विषय बंद. टाळणाऱ्याला शेवट दिसतो म्हणून तो बसतो. बोलणाऱ्याला जागा मिळते म्हणून ती उरलेली संध्याकाळ सोडून देते. 'गुड न्यूज कधी?' विचारणाऱ्या नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं आणि ते कोण देणार, हेही दोघांनी आधी ठरवलेलं बरं. हे शिकवायला मानसतज्ज्ञच लागतो असं नाही. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या एश्रे या संघटनेनं 2015 मध्ये जी मार्गदर्शक सूत्रं काढली, ती डॉक्टर, परिचारिका आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांनी रोजच्या कामात मानसिक आधार कसा द्यायचा याचीच आहेत.

शब्दांबद्दल थोडं. 'तुमची सायकल फेल गेली', 'तुम्ही पुअर रिस्पॉन्डर आहात' (म्हणजे औषधांनी अंडी कमी वाढतात), 'ते केमिकल होतं.' शेवटचं सगळ्यात वाईट. बीटा चढून उतरला, सोनोग्राफीत काही दिसायच्या आत संपलं, याला वैद्यकात बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. त्याचं तुटक 'केमिकल' ऐकणाऱ्या बाईला वाटतं, म्हणजे खरं काही नव्हतंच, रसायन होतं. चार दिवस ती आई होती. 'गर्भ राहिला होता, फार लवकर गेला' असं म्हणायला तेवढाच वेळ लागतो. पहिलं मूल असलेल्यांना 'एक आहे ना' म्हणू नका, त्याचंही कारण हेच.

शेवटची तक्रार थांबण्याबद्दल. तुमच्याकडे सुरुवातीची भेट असते, मधल्या भेटी असतात, निरोपाची भेट नसते. निगेटिव्ह आलं की त्याच बैठकीत 'पुढच्या वेळी प्रोटोकॉल बदलू' किंवा 'दात्याचं अंडं घेऊ' हे पुढे येतं. स्वतःच्या अंड्यांनी मूल होणार नाही हे पचायच्या आत दुसऱ्या कुणाच्या अंड्यांचा होकार मागणं हा निर्दयपणा आहे, मग तो कितीही मऊ आवाजात मागा. तो प्रश्न निराळ्या दिवशी, पुरेशा अंतरानं आणि मुलाला पुढे काय व कधी सांगायचं याच्या चर्चेसह यायला हवा. आणि 'आणखी एकदा' म्हणण्याआधी या वयात, या अंडसाठ्यावर, पुढच्या सायकलमध्ये बाळ हातात येण्याची शक्यता किती, ते स्पष्ट सांगा. थांबणं हा पर्यायसुद्धा डॉक्टरांच्या तोंडून आला पाहिजे. जोडप्यानं तो आपणहून काढला की त्यांना वाटतं, आपण हार मानली.

म्हणून आमच्या मागण्या. पॅकेज सांगणाऱ्या व्यक्तीला समुपदेशक म्हणू नका. तिच्या दारावर 'खर्चाची माहिती' लिहा. उपचार सुरू होण्याआधी, पहिल्या अपयशानंतर, दात्याच्या निर्णयाआधी आणि थांबताना अशी निदान चार वेळा प्रशिक्षित समुपदेशकाची, दोघांसोबतची, घाई नसलेली भेट उपचाराचाच भाग धरा. निकाल कळवण्याची लेखी पद्धत ठरवा आणि ती रिसेप्शनवर लावा. गर्भपात झालेल्या बाईला पोटुशा बायकांच्या रांगेत बसवू नका; वेगळी खोली नसेल तर वेगळी वेळ द्या. पुरुषाचा फोन नंबर फाइलवर घ्या आणि त्याच्याशी निदान एकदा तरी स्वतंत्रपणे बोला.

आणखी एक, ही तातडीची. काही केंद्रं उपचाराआधी नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात, ही चांगलीच गोष्ट. पण ती फाइलला टाचली जाते आणि कुणी वाचत नाही. नववा प्रश्न मरण्याच्या विचारांचा आहे. त्यापुढे शून्याखेरीज दुसरं काहीही आलं तर त्याच दिवशी, केंद्रातून बाहेर पडण्याआधी, कुणी तरी त्या व्यक्तीशी एकांतात बोललंच पाहिजे आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत गेलं पाहिजे. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीपासून असलेला बाहेर पडतो. दोन आठवडे सलग झोप उडालेली, जेवण सुटलेलं, कामावर जाणं थांबलेलं, दारू वाढलेली, अशी कोणतीही खूण दोघांपैकी कुणातही दिसली तर पुढचा डोस लिहायच्या आधी थांबा.

बाकीचं ठरवायला तुम्हाला बैठका लागतील, ते आम्ही समजू शकतो. एक गोष्ट मात्र आजच होण्यासारखी आहे. उद्या ज्यांचा बीटा आहे, त्यांची यादी तुमच्या नर्सिंग स्टेशनवर तयार असेल. त्यातल्या प्रत्येक जोडप्याला संध्याकाळच्या आत फोन लावून विचारा: उद्याचा निकाल कुणाला सांगू, आणि किती वाजता?

आपले,
वंध्यत्व उपचारांतल्या जोडप्यांबरोबर काम करणारे समुपदेशक आणि परिचारिका